वाइन नाशिकची, तिसऱ्या आमच्या, नफा कुणाचा?

‘एक दिवस कोकण किनाऱ्यावर : पदभ्रमण, स्थानिक वाइन आणि ताजी मासळी’ अशा मथळ्याची रंगीत पत्रकं गेल्या हिवाळ्यापासून वेंगुर्ला-शिरोडा भागातल्या लॉजवर आणि हॉटेलांच्या काउंटरवर दिसू लागली आहेत. शहरातली एक पर्यटन कंपनी ही सहल चालवते. सकाळी सातला मोचेमाडच्या बाजूने निघायचं, वाळूवरून, सुरूच्या बनातून शिरोड्याच्या वेळागरपर्यंत यायचं. वाटेत ‘तिसऱ्या वेचण्याचा अनुभव’ घ्यायचा. दुपारी एका मच्छीमार कुटुंबाच्या अंगणात वाइनचे दोन प्याले आणि माशांचं जेवण, मग सूर्यास्त बघून परत. माणशी साडेतीन हजार रुपये. कंपनीला हा कार्यक्रम आता दर शनिवारी-रविवारी करायचा आहे. त्यासाठी, मी जिथे काम करते त्या मासे विकणाऱ्या आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायकांच्या बचत गटांशी तिला वर्षाचा करार हवा आहे.

करारावर सही करावी की नाही, यावरून जिल्ह्यातल्या आम्हा कार्यकर्त्यांत दोन तट पडले आहेत. एका बाजूच्या मैत्रिणी म्हणतात, वाइन आली म्हणजे दारू आली, आपल्या गटांनी या वाटेला जाताच कामा नये. दुसऱ्या बाजूच्या म्हणतात, बायकांच्या हातात चार पैसे येताहेत, घरबसल्या रोजगार मिळतो आहे, तुम्ही तत्त्वं कसली उगाळताय? मला दोघींशीही भांडायचं आहे. कारण पहिलीने वाइनची बाटली पाहिली, दुसरीने रोजगार हा शब्द पाहिला, आणि करार मात्र दोघींनीही वाचलेला नाही.

करार नऊ पानी आहे आणि इंग्रजीत आहे. ज्या बायकांनी त्यावर सह्या आणि अंगठे उठवायचे त्यांतल्या एकीलाही इंग्रजी येत नाही. आम्हाला समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात ‘लोकसहभाग’ नावाचा एक अख्खा पेपर होता. कंपनीच्या माणसाच्या तोंडी तोच शब्द तीनदा आला. मी दोन संध्याकाळी बसून करार मराठीत उतरवला आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. तो ऐकताना बायकांनी जे प्रश्न विचारले त्यांवरच हा लेख उभा आहे.

पहिला प्रश्न हिशोबाचा होता. ताटामागे दोनशे साठ रुपये. ताटात काय काय? सुरमईचा तळलेला तुकडा, बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, घावणे, भात, सोलकढी. मासे गटानेच आणायचे, पहाटेच्या लिलावातून. बायकांनी तिथल्या तिथे हिशोब मांडला. मासे, नारळ, तेल, तांदूळ, मसाला, गॅस हे सगळं दोनशे दहाच्या घरात जातं. उरले पन्नास. पंधरा पाहुण्यांचे साडेसातशे. पाच बायका आदल्या दुपारपासून लागणार, दुसऱ्या दिवशी भांडी घासून होईस्तोवर संध्याकाळ. म्हणजे दीड दिवसाचे बाईमागे दीडशे रुपये, दिवसाला शंभर. रोजगार हमीच्या कामावरची मजुरी याच्या कितीतरी वर असते. सहल आदल्या रात्रीपर्यंत रद्द करायची मुभा कंपनीला आहे, आणि रद्द झाली तर आणून ठेवलेल्या माशाचे पैसे कोणी द्यायचे याबद्दल नऊ पानांत एक अक्षर नाही.

मी हे आकडे कंपनीच्या माणसापुढे ठेवले. तो हसून म्हणाला, “मॅडम, त्या घरी स्वयंपाक करतातच ना?”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती वर्षं ऐकतो आहोत? पुण्यात १९७५ च्या ऑक्टोबरात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, त्याला आता अर्धं शतक उलटलं. तेव्हापासून आपण पोस्टरं रंगवली, पथनाट्यं केली, शिबिरांत फळ्यावर बाईच्या दिवसाचे चोवीस तास मांडले, घरकामालाही मोल आहे हे घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. आणि साडेतीन हजार रुपयांचं तिकीट विकणारा माणूस आज तेच वाक्य तोंडावर टाकतो, तेही करार पुढे सरकवताना. गटातल्या एका वयस्क मावशीने त्याला दिलेलं उत्तर माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा नेमकं होतं : “आमी घरात रांधतव तां घरच्यांसाठी. ह्यां तुमच्या धंद्यासाठी.”

दुसरा प्रश्न तिसऱ्यांचा. हा विषय शहरातल्या वाचकांना जरा सविस्तर सांगायला हवा, कारण ताटातल्या तिसऱ्या कुठून येतात हे खाणाऱ्याला क्वचितच माहीत असतं. होडी घेऊन समुद्रात जाणं हे पुरुषांचं काम. खाडीच्या मुखाशी आणि किनाऱ्याच्या चिखलवाळूत तिसऱ्या, मुळे शोधणं, खडपांवरची कालवं कोयतीने फोडणं हे बहुतांशी बायकांचं. त्याला होडी लागत नाही, जाळं लागत नाही, लागतात ते हात, पाय आणि एक टोपली. कमरेत वाकून, घोटाभर ते गुडघाभर पाण्यात तीन-तीन तास. बोटं कापतात, पायांना चिखल्या होतात, कंबर कायमची जाते. गटाच्या आरोग्य तपासणीत पांढरं जाण्याची आणि लघवीच्या जळजळीची तक्रार सांगणाऱ्या बायका मोठ्या संख्येने निघतात. दिवसभर ओल्या कपड्यांत, जवळपास संडास नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. मग बाजारात बसून वाटे लावायचे आणि गिऱ्हाइकाशी दहा रुपयांवरून हुज्जत घालायची.

हे काम घड्याळावर चालत नाही. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप आत जातं आणि जागा उघड्या पडतात, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणून बायका तिथी बघून कामाला जातात, वार बघून नाही. आणि करारात लिहिलंय, दर शनिवारी-रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेदहा ‘अनुभव’. त्या वेळी पाणी कंबरेइतकं असेल तर? बायकांनी तिथे आधी नेऊन पुरलेल्या तिसऱ्या पाहुण्यांनी वेचायच्या, असा तोडगा कंपनीने सुचवला. बैठकीत यावर इतकं हसू फुटलं की मला पाच मिनिटं पुढे वाचता आलं नाही. हसू ओसरल्यावर एक जण म्हणाली, “भरती काय तेंच्या गाडयेची वाट बघतली?”

गंमत सोडा. ज्या कामाने कंबर मोडते ते काम शहरातल्या माणसाला तासभराची करमणूक म्हणून विकायचं, आणि ते रोज करणारीला त्या तिकिटातला एक रुपयाही वेगळा द्यायचा नाही, याला मी शोषण म्हणते. दुसरा शब्द मला सापडत नाही. शिवाय पंधरा माणसं दर आठवड्याला दोनदा त्याच चिखलात उतरली, बारीक पिल्लं तुडवली, हौसेने पिशव्या भरून नेली, तर पुढच्या मोसमात बायकांनी वेचायचं काय? वाळूउपशाने खाडीतल्या जागा आधीच आक्रसत चालल्या आहेत. आणि नुकसान झालं तरी दाद मागायची कुणाकडे? मच्छीमार सोसायटीचा कारभार होडी-जाळ्याभोवती फिरतो. टोपली घेऊन जाणारी बाई तिथे कुणाची तरी बायको म्हणून ओळखली जाते.

वाट दाखवायला गावातलेच दोन तरुण नेमले आहेत, दिवसाला आठशे रुपये. मुलं चांगली आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. ती पाहुण्यांना सांगतात की वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत शिकवलं, की १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. चांगलंच आहे. मिठागरांत मजुरी कोण करतं ते मात्र त्यांच्या माहितीत नाही. वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद नव्वदच्या दशकापासून गावाने कसा लढवला तेही नाही. आणि ज्या बाईला त्या किनाऱ्याचा एकेक खडक पावलांनी ठाऊक आहे तिला ‘मार्गदर्शक’ म्हणून विचारावं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पुरुष चालतो, बोलतो आणि आठशे घेतो. बाई चुलीपाशी बसते आणि शंभर घेते. श्रमविभागणीचं इतकं स्वच्छ उदाहरण मला शिबिरात शिकवायलासुद्धा मिळालं नव्हतं.

साडीची गोष्ट सांगितली नाही तर चुकल्यासारखं वाटेल. करारात एक कलम आहे : यजमान महिला ‘पारंपरिक कोळी वेशभूषेत’ असतील. पत्रकावर चित्रही आहे, चापूनचोपून नेसलेली, हातात तबक घेऊन हसणारी. आमच्या बायका गाबीत. मुंबई-ठाण्याकडच्या कोळणीची साडी त्यांच्या आज्यांनीही नेसली नव्हती. बाजारात, बंदरावर त्या पाचवारी नेसतात, मुली पंजाबी ड्रेस घालतात. पण पाहुण्यांना कोळीण हवी आहे, म्हणून गाबतिणीने कोळीण व्हायचं, तेही साडी स्वतःच्या पैशाने घेऊन.

आता वाइनकडे येते, कारण आमच्या दारूबंदीवाल्या मैत्रिणी कधीच्या थांबल्या आहेत.

दारूने घरं कशी जातात हे मला कोणी समजावून सांगायला नको. आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांच्या अंगावरचे वळ मी नोंदवहीत लिहिते. २००८ च्या नियमाने गावातल्या बायकांना मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याचा हक्क मिळाला, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं ‘आडव्या बाटली’ला पडली की दुकान बंद. हा हक्क बायकांनी रस्त्यावर उतरून कमावला आहे आणि त्याची किंमत मला कळते. पण या करारातला वाइनचा धोका व्यसनाचा नाही. दोन प्याले पिऊन गाडीत बसणारा पाहुणा आमच्या वाडीतल्या बाईला मारायला येणार नाही. धोका सातव्या पानावरच्या एका ओळीत आहे : ‘स्थळावरील सर्व परवान्यांची जबाबदारी यजमान गटाची राहील.’

म्हणजे काय, ते नीट पाहा. बाटल्या कंपनी आणणार, त्यांचे पैसे कंपनी घेणार, अंगण मात्र बाईचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ च्या कलम ६८ प्रमाणे परवान्याशिवाय एखादी जागा दारू पिण्यासाठी चालवणं, वापरू देणं हा गुन्हा आहे आणि त्यात जागेचा ताबा-कारभार पाहणारी व्यक्तीही सापडते. कायद्याला वाइन आणि हातभट्टी यांत पत्रकाइतका फरक दिसत नाही. उद्या कोणी तक्रार केली, आणि गावात तक्रार करायला कारणं पुष्कळ असतात, तर पोलीस कुणाच्या दारात येतील? बायकांनी हे एका वाक्यात ओळखलं. “पोलीस इले तर नाव माझां लागतलां, कंपनीचां नाय.” गटाच्या नावावर बँकेचं कर्ज आहे, गटाच्या अध्यक्षेची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. दोन प्याल्यांसाठी हे सगळं पणाला लावायचं?

आणि ही वाइन ‘स्थानिक’ कशी? मी बाटली उलटी करून पाहिली. नाशिकची. वेंगुर्ल्यापासून नाशिक पाचशे किलोमीटरहून लांब आहे. कोकणच्या दमट हवेत, या पावसात वाइनचं द्राक्ष होत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. किनाऱ्यावरून चालायचं, तिथलीच वाइन प्यायची, तिथलाच मासा खायचा, ही कल्पना मुळात युरोपातली. इटलीतल्या लिग्युरियाच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावं आहेत, अशा सहलींचा तो जणू नमुनाच. १९९७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. योगायोग असा की त्याच वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पण तिथे निदान द्राक्षमळे त्याच डोंगरात आहेत, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर. त्या पायऱ्यांवरून द्राक्षांच्या टोपल्या डोक्यावर वाहून नेणाऱ्यांत बायका होत्या, हे तिथल्याही पाहुण्याला आपण होऊन कोणी सांगत असेल असं मला वाटत नाही. तिथला नमुना उचलून आणला आणि द्राक्ष नाही म्हणून नाशिकची बाटली बसवली, एवढंच इथे झालं.

मग आमच्या मातीतलं पेय कुठलं? काजूच्या बोंडूचं. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथे त्याच बोंडूच्या रसाचा पहिला काढा हुर्राक, दुसरा फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोव्याच्या सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. अलीकडच्या तीरावर झाड तेच, बोंडू तोच, एप्रिलच्या उन्हात वाकून बोंडू गोळा करून बी वेगळी काढणारी मजूर बाईही तीच. पण इथे कुणी विधवा परड्यात भट्टी लावते तेव्हा तिची भांडी फुटतात आणि ती कोर्टाच्या तारखा घालते. एकीकडे वारसा, एकीकडे गुन्हा. वाडीवाडीत भट्ट्या लागाव्यात असं मी म्हणत नाही, मला ते नकोच आहे. पण २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमधून वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’, ‘शेतकऱ्याचा फायदा’ अशी भाषा ऐकू आली. त्या भाषेतला शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला बागाईतदार. द्राक्षबागेत रोजाने जाणारी बाई त्यात नव्हती, बोंडू वेचणारी तर नव्हतीच. कुठली दारू संस्कृती आणि कुठली दारू गुन्हा, हे बाटलीची किंमत आणि पिणाऱ्याचा वर्ग ठरवतो. आमच्या दारूबंदीवाल्या मैत्रिणींनी या प्रश्नालाही हात घालावा. गटाच्या बायकांना ‘तुम्ही बिघडलात’ म्हणणं त्यापेक्षा फार सोपं आहे.

आणि रोजगारवाल्या मैत्रिणींना एक विचारते. पर्यटनातून बायकांना पैसा मिळू शकतो, याबद्दल माझा वाद नाहीच. वेंगुर्ल्यातच मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. होडी बायका वल्हवतात, झाडांची आणि पक्ष्यांची माहिती बायका देतात, भाडं त्यांनी ठरवलेलं. हे आपल्या डोळ्यांसमोर असताना शंभर रुपये रोजाच्या कराराला ‘सक्षमीकरण’ म्हणायची घाई का? अनुदानाच्या अहवालात एक रकाना भरतो म्हणून? मीही असे अहवाल लिहिते, तो रकाना मला ठाऊक आहे.

तर गटांनी काय ठरवलं ते सांगते. सही नाकारलेली नाही, केलेलीही नाही. अकरा बायकांच्या समितीने स्वतःचा मसुदा केला आणि कंपनीला पाठवला. करार मराठीत हवा. ताटाला साडेचारशे रुपये, निम्मे आगाऊ, आणि दोन दिवस आधी न कळवता सहल रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत नाही. दोन मार्गदर्शकांपैकी एक बाई, मजुरी सारखी. तिसऱ्यांच्या जागेत पाहुण्यांनी उतरायचं नाही. बघायचं असेल तर बायका तिथी सांगतील त्या दिवशी, काठावरून, आणि त्याचे वेगळे पैसे. साडीचं कलम रद्द. वाइन कंपनीला द्यायचीच असेल तर तिने ती स्वतःच्या परवान्यावर, स्वतःच्या जागेत द्यावी. गटाच्या अंगणात बाटली उघडणार नाही आणि गटातली कुठलीही बाई वा मुलगी प्याले भरणार नाही. पाहुण्यांसाठी वाटेवर जे संडास उभे राहतील ते वेचणाऱ्या बायकांना आठवडाभर खुले राहतील. या शेवटच्या अटीवर बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि कंपनीच्या माणसाला नेमकी तीच सगळ्यात विचित्र वाटली.

उत्तर अजून आलेलं नाही. मधल्या काळात कंपनी शेजारच्या गावातल्या दुसऱ्या एका गटाकडे तोच इंग्रजी करार घेऊन गेली, असं कळलं. आम्ही आमच्या मसुद्याची प्रत त्या गटालाही नेऊन दिली आहे आणि पुढच्या पौर्णिमेनंतर, ओहोटीची कामं हलकी झाली की, दोन्ही गटांची एकत्र बैठक ठेवली आहे. अलिबाग, मुरूड, गुहागर, देवगड, मालवण इथल्या गटांकडेही असे करार आले असतील. ज्यांनी सह्या केल्या आणि ज्यांनी केल्या नाहीत, दोघींनीही कराराची प्रत, नावं खोडून, या अंकाच्या पत्त्यावर पाठवावी. ताटाचा दर आणि परवान्याचं कलम यांवर खूण करा. मराठीत नसेल तर आहे त्या भाषेत पाठवा, भाषांतर आम्ही करून घेऊ.